धोंडे खाऊन गेलेला जावई

ओतूर, ता. जुन्नर
२ मे १९९९

कुशाबाई विहीणबाईंना कोंडाबाईचा नमस्कार.

कारणाशिवाय मी कागद खराब करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी रत्ना, म्हणजे तुमची सून, आदेश आणि संस्कृतीला घेऊन इकडं आली आहे. गल्लीत मी सांगितलंय की सुट्टीला आली. पण सुट्टीला आलेली लेक पत्र्याची पेटी भरून आणत नाही, आणि आल्या दिवशीच न सांगता चुलीपुढं बसून भाकरी थापत नाही. विचारलं तर म्हणते, काही नाही. मग मी पोरांना पेरू दिला आणि काय ते काढून घेतलं.

तुमचा भरत तिला मंचरच्या बाजाराला घेऊन गेला. स्टँडवर उभी केली, खत घेऊन येतो म्हणाला, आणि खत घेऊन परस्पर पेठेला निघून गेला. माझी पोरगी दिवेलागणीपर्यंत तिथं उभी. घरी पोचली तर हाच विचारतोय, "एवढा उशीर? कुठं गेलतीस?" वर ओरडला. पोराला बैलाच्या नावानं हाक मारतो. एकच गोष्ट सकाळी सांगतो, तीच दुपारी सांगतो. बोलता बोलता मध्येच थांबतो, जीभ जड होते, आणि कुणी काही बोललं की भांडी आपटतो.

मी चौथी पास आहे, मला अर्थ लावता येतो. पुरुषाची जीभ कशानं जड होते ते आपण दोघींनी उभ्या जन्मात पाहिलंय. तुमचा लेक पितो. फोन केला असता, पण आमचा बूथवाला रिसीव्हरपेक्षा जास्त ऐकतो, म्हणून पत्र.

शाळा जूनमध्ये उघडतील. तोवर काय ते ठरवा. रुसून आलेली लेक मी आपण होऊन पोचवणार नाही. मूळ आलं पाहिजे. नवऱ्यानं स्वतः यावं, चार माणसांत "न्यायला आलोय" म्हणावं, मगच ती माझा उंबरा ओलांडील.

कोंडाबाई


पेठ, ता. आंबेगाव
८ मे १९९९

कोंडाबाई,

पत्र पोचलं. तुमचं अक्षर लई वळणदार. कुठं वळलं आन् कुठं गेलं ते बघण्यात माझी सकाळ गेली. मी म्हातारपणी साक्षरता वर्गात शिकलेली, माझं अक्षर ढेकळासारखं हाय, पण जिथं पडलं तिथंच ऱ्हातं.

भरत पीत न्हाई. पेठेत कोण पितो ते पिणाऱ्याच्या आधी मला कळतं. विसरतो म्हणाल तर विसरतो. पुरुष विसरत्यात. आमचे हे जिवंत व्हते तवा सासुरवाडीचा रस्ता सोडून सगळं विसरायचे. आन् त्या बाजाराचं म्हणाल, तर खत घरी आलं का न्हाई? आलं. एवढं तरी धरा.

तुमी कुणाबद्दल बोलता ते जरा आठवा. दहा-बारा वरसं ह्यो मानूस कबड्डी खेळला. चढाईला गेला की समोरची सात माणसं अंगावर पडायची, आन् त्या ढिगाऱ्यातनं ह्याचा एक हात बाहेर यायचा, रेघेला लागायचा. आख्खा तालुका उभा ऱ्हाऊन टाळ्या वाजवायचा. तुमी बी वाजवल्यात.

आता अधिक महिना लागतोय. धोंड्याचा महिना, जावयाचा मान. तुमी पुरण घालून धोंडे करा, मी जावई धाडते. खाऊन झालं की बायकोपोरं घेऊन येईल. एका हेलपाट्यात दोन कामं. साजूक तूप घाला. मागल्या टायमाला डालड्याचा वास येत व्हता असं भरत म्हणला न्हाई, मीच म्हणते.

कुशाबाई


ओतूर
२४ मे १९९९

कुशाबाई,

नमस्कार घालायचा राहिला असं समजू नका. घातला नाही.

तुमचा लेक काल आला. पांढरे कपडे, पिशवीत बटाटे. मी ओवाळलं, पाटावर बसवलं. साजूक तुपाची कढीच करायची बाकी ठेवली होती, एवढं तूप. रत्नानं पहाटेच पेटी भरून दारात ठेवलेली. पोरं चपला घालून ओट्यावर बसलेली. माझी भावकी ओसरीवर बसलेली, चार माणसांत शब्द पडावा म्हणून मीच बोलावून आणली होती. सगळे वाट बघतायत की हा म्हणतो कधी, न्यायला आलोय.

हा जेवला. "मामी, धोंडे झ्याक झालेत," म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला, "मामी, धोंडे झ्याक झालेत." मी कापड दिलं, नारळ दिला. माझ्या पाया पडला. "येतो," म्हणाला, आणि गेला.

आम्हाला वाटलं पान खायला चौकात गेला. रत्ना आत संस्कृतीची वेणी घालत होती. ती वेणी घालून झाली, सोडून झाली, पुन्हा घालून झाली. मग आदेश पळत स्टँडवर गेला. गाडी निघून गेली होती.

समोरचे धर्माजी तोंडावर उपरणं धरून हसले. आता पूर्ण ओतूर म्हणतंय की कोंडाबाईच्या जावयानं धोंडे खाल्ले, कापड घेतलं आणि बायको ठेवून गेला. कुशाबाई, असा अपमान वैऱ्यानं केला नसता. रत्ना रडली नाही. पेटी उघडून कपडे परत खुंटीला लावले, एवढंच. मला तेच बघवलं नाही.

कोंडाबाई


पेठ
३० मे १९९९

कोंडाबाई,

शिव्या पोचल्या. बऱ्या व्हत्या. मी असते तर आणखी दोन घातल्या असत्या.

त्या दिवशी भरत घरी आला, कापड काढून ठेवलं आन् मला इचारतो, "आई, रत्ना कुठाय?" मला वाटलं चेष्टा करतोय. मग आमच्या आळीतले गेणभाऊ आले. ते आळेफाट्याला त्याच गाडीत चढलेले. म्हणाले, "वहिनी, पोराकडं बघा. गाडीत लोकांशी भांडत व्हता, जीभ वळत नव्हती. टाइट व्हता."

तवा तुमचं खरं आन् माझं खोटं, असं समजा. दुसऱ्यांदा म्हणणार न्हाई, म्हणून हे पत्र जपून ठेवा.

मी काय केलं ते आयका. गुरुवारी त्याला देवळात नेला, महाराजांसमोर बसवला आन् गळ्यात तुळशीची माळ घातली. तो म्हणला, "आई, मी पीत न्हाई गं." मी म्हणलं, सगळे पिणारे असंच म्हणत्यात. मग मान पुढं केली. आता दारू बंद, मटण बंद, अंडं सुद्धा बंद. फुडं आखाड येतोय. शेजारीपाजारी रस्सा शिजंल आन् ह्यो पिठलं खाईल. पिणाऱ्याला ह्याच्यापेक्षा मोठी शिक्षा सरकारकडं बी न्हाई.

मी आता दिसभर त्याच्या मागं असते. वावरात बटाटा लावायची तयारी चाललीय, मी बांधावर बसून पहारा देते. लोक म्हणत्यात, म्हातारी कामाला लागली.

जरा दम धरा. सुधारला की धाडते.

कुशाबाई


ओतूर
१६ जून १९९९

कुशाबाई विहीणबाईंना नमस्कार.

माळ घातली हे बरं केलं, पण माझ्या घरात त्यावरून भांडण झालं. मी रत्नाला म्हणाले, बघ, सासूनं कबूल केलं. तर पोरगी माझ्यावरच उलटली. "आई, ते दारूला शिवत नाहीत. मी एवढी वर्षं त्यांच्या शेजारी झोपते, मला कळणार नाही का? माळ काय घालता?" म्हटलं, मग तुला टाकून गेला तो शुद्धीत असताना गेला, असं समजू का? तेच तिला खातंय. प्यालेला असता तर बरं झालं असतं, असं तिच्या तोंडावर दिसतं.

शाळा उघडल्या. हेडमास्तरांच्या हातापाया पडून पोरांना तात्पुरतं बसवलंय. आदेश विचारतो, इथलीच पुस्तकं घ्यायची का? काय सांगू? दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर दाखला मागवीन आणि रत्नाला इथंच शिवणाचं मशीन घेऊन देईन. हे धमकी म्हणून लिहीत नाही.

एक मात्र तिनं हसत सांगितलं, म्हणून लिहिते. लग्न नवं असताना भरत सामना खेळून घरी यायचा, गळ्यात हार, हातात ढाल, आणि तिला विचारायचा, "कोण जिंकलं गं?" ती लोटपोट हसायची. तिला वाटायचं लाडात येतोय. आमच्या मालकांनी तर त्याला खेळतानाच पसंत केला होता. नारायणगावच्या मैदानात कुणाचा तरी गुडघा कानशिलावर बसला, हा गार पडला. लोकांनी पाणी मारलं, कांदा हुंगवला, आणि हा उठून लगेच चढाईला गेला. मालक म्हणाले, असा उठणारा जावई पाहिजे. पोरगी दिली.

तुमचा पहारा चालू राहू द्या.

कोंडाबाई


पेठ
८ जुलै १९९९

कोंडाबाई,

हे पत्र बसून वाचा. पोरीला बी संगं बसवा.

मी महिनाभर भरतच्या मागं सावलीसारखी व्हते. थेंब घेतला न्हाई. तरी जीभ अडती. तरी बैलाला आदेश म्हणतो आन् पाणी शेंदायला जाऊन रिकामी घागर घेऊन येतो. माळ गळ्यात, पिठलं पोटात, आन् चाल तशीच. तवा तुमच्या पत्रातलं ते "कोण जिंकलं गं" माझ्या डोक्यात बसलं. ढाल हातात असल्याला मानूस असं इचारंल का? मी त्याला मंचरच्या डॉक्टरकडं नेला. त्यानं पुण्याला धाडला. पुण्यात मोठ्या डॉक्टरीणबाई व्हत्या, पण दिसायला पोरसवदा. त्यांनी भरतला एका मशीनमधी सरकवला आन् डोक्याचा फोटो काढला. मग म्हणल्या, "आजी, फोटोपेक्षा मला तुम्ही सांगा, हा खेळताना किती वेळा पडला?"

मी म्हणलं, बाई, पडला किती ते कोण मोजतंय, आमी उठला किती तेवढंच बघायचो.

त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, तेच कारण हाय. दर वेळी डोकं आपटलं, भोवळ आली, पाणी मारलं, लगेच उठवला. आतला मेंदू हिंदकळला तो तसाच ऱ्हायला. दुखणं तवा दिसलं न्हाई, आता दहा वरसांनी दिसतंय. मुठींनी मारामारीचा खेळ खेळत्यात त्यांना असं व्हतं म्हणे. शब्द जिभेवर येत न्हाई, नवं काही डोक्यात ऱ्हात न्हाई, राग पटकन येतो. फोटोत सगळं दिसत न्हाई, पण ऐकून त्यांना तसंच वाटतंय.

मला आपलं बटाट्यावरनं कळलं. ट्रकात पोतं आपटून टाकलं की बटाटा वरनं गुळगुळीत दिसतो. चार दिसांनी कापला की आत काळा डाग.

किडकी बाजू झाकून माल इकायची मला सवय न्हाई, म्हणून सांगते. बाई म्हणल्या, पूर्ण बरं व्हणार न्हाई. असंच ऱ्हाईल, न्हाईतर हळूहळू वाढंल. पण सांभाळलं तर चांगलं चालंल. त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगायची. गोंगाटात बोलायला लावायचं न्हाई. शब्द अडला की आपण तोंडात घालायचा न्हाई, थांबायचं. थांबायचं म्हणल्यावर मी इचारलं, म्हणजे कोण, मी? भरत लई हसला. लई दिसांनी हसला.

आता त्या धोंड्याच्या दिवसाचं. मी गेणभाऊंना परत धरलं. म्हणलं, गाडीत भांडला तो कशापायी? ते म्हणले, "वहिनी, तो आळेफाट्यालाच आत घुसला आन् शेजारच्या रिकाम्या शिटावर टॉवेल टाकला. कुणाला बसू देईना. नारायणगावला एक टोपलीवाली चढली, तिला म्हणला, इथं माझी माणसं हायत. मंचरला मास्तर चढले, त्यांना बी उठवला. पेठेत उतरला आन् गाडीच्या दारात हात फुडं करून उभा ऱ्हायला, कुणाला तरी उतरवून घ्यावं तसा. कंडक्टरनं घंटी मारली तवा कुठं हटला."

रत्नाला एवढं वाचून दाखवा. बाकीचं तुमी ठरवा. मी धाडा म्हणत न्हाई आन् धाडू नका बी म्हणत न्हाई.

कुशाबाई


ओतूर
१५ जुलै १९९९

कुशाबाई विहीणबाई,

वाचून दाखवलं. टॉवेलपाशी आले आणि रत्ना म्हणाली, "आई, परत वाच." परत वाचलं. मग उठून गोठ्यात गेली. बऱ्याच वेळानं आली, डोळे लाल, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. म्हणाली, "म्हणजे आळेफाट्यापासून पेठेपर्यंत मी गाडीत होते!" आणि जी हसत सुटली, पोरंही हसायला लागली, मलाही आवरेना. समोरून धर्माजी विचारायला आले, काय झालं? म्हटलं, तुमचं आपलं उपरणं धरा तोंडावर.

पण मी आई आहे, माझं काम मलाच करायचं आहे. हसून झाल्यावर तिला म्हटलं, बाई, हसणं आजचं आहे. उद्या तो तुझंच नाव विसरला तर? रोज आठवण करून देत बसशील? ती म्हणाली, "विसरण्याची मला भीती कधीच नव्हती. मला वाटलं मी त्यांना नकोशी झाले, आणि बोलायची हिंमत नाही म्हणून जेवून निघून गेले. नकोशी बाई त्या घरात कशी राहील? विसरलेली राहू शकते. विसरलेल्या बाईला रोज नव्यानं ओळख द्यावी लागेल, एवढंच ना? देईन."

तरी तिची एक अट आहे आणि तीच माझीही. मूळ पाहिजे. डॉक्टरचा कागद चालणार नाही, तुमचं पत्र चालणार नाही, गेणभाऊ तर मुळीच नको. त्यानं स्वतः यावं आणि स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर बोलावं. पोरगी म्हणते, "त्यांना एक शब्द काढायला दिवस लागला तरी मी उभी राहीन. पण शब्द त्यांचा पाहिजे."

येईल का तो? का अट जड झाली?

कोंडाबाई


पेठ
२२ जुलै १९९९

सौ. रत्नाच्या आईस, म्हणजे मामींना, भरतचा नमस्कार.

आईनं तुमचं पत्र वाचायला दिलं. म्हणाली, तूच उत्तर लिही. लिहिताना मला बरं पडतं. बोलताना समोरचा माणूस घाई करतो. कागद घाई करत नाही. एक शब्द सापडला नाही तर चहा पिऊन येतो, तोवर सापडतो.

त्या दिवशीचं सांगतो. पूर्ण रस्ता मी एकच वाक्य म्हणत आलो होतो, "रत्नाला न्यायला आलोय." आळेफाट्यापर्यंत म्हटलं, ओतूरपर्यंत म्हटलं. तुमच्या दारात आलो तर रत्नाची पेटी भरून ठेवलेली दिसली. पोरं चपला घालून तयार. मला वाटलं, अरे वा, म्हणजे बोलून झालेलं दिसतंय. मी बोललो असणार आणि विसरलो असणार, असं मला नेहमी होतं. तेच परत विचारलं तर लोक हसतात, म्हणून मी विचारलं नाही. गप जेवलो. निघताना वाटलं ती पुढं गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गावातली माणसं म्हणायची, भरतला लागत नाही, भरत उठतो. मलाही तसंच वाटायचं. पडल्यावर थोडा वेळ सगळं पांढरं दिसायचं आणि आवाज विहिरीतून आल्यासारखे यायचे. मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांनाच तसं होत असेल, असं वाटायचं. आता मंडळाची पोरं खेळतात तिथं मी जातो. कुणाचं डोकं आपटलं की त्याला बाहेर बसवतो, पुन्हा आत सोडत नाही. पोरं चिडतात. चिडू देत.

रत्नाला सांगा, मी विसरेन. तिला माहीत असू द्या.

आखाडातल्या शनिवारी येतो, ३१ तारखेला. आईनं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय. माझी एक विनंती आहे. धोंडे करू नका, आणि पेटी दारात ठेवू नका.

आपला,
भरत


ओतूर
३ ऑगस्ट १९९९

कुशाबाई,

तुमची माणसं पोचली असतील. तरी इथं काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगणार नाही, रत्ना लाजेल आणि भरत विसरेल. म्हणून मी लिहिते.

पेटी माजघरात लपवली. चुलीवर साधी डाळ. भावकी ओसरीवर, धर्माजी भिंतीवर. भरत आला तो फाटकातच उभा राहिला. मी तांब्या घेऊन पुढं झाले, पाय धुवायला पाणी द्यायचं म्हणून. मग लक्षात आलं, पाय धुतले की आत येईल, आत आला की बसेल, बसला की गोंधळ. म्हटलं, "जावईबापू, आधी बोला, मग पाणी."

त्यानं तोंड उघडलं. शब्द नाही. कपाळावर घाम. रत्ना दारात उभी, हात पिठानं भरलेले. धर्माजीला राहवेना, तो म्हणाला, "अरे, न्याय..." मी तांब्या त्याच्या दिशेनं असा उगारला की तो भिंतीवरून पलीकडं उतरला. मग मलाच राहवेना. शब्द माझ्या ओठावर आलेला, कुशाबाई, ढकलून बाहेर पडत होता. मी पदराचा बोळा तोंडात घातला. जन्मात एवढी गप बसले नव्हते. डॉक्टरीणबाईला सांगा, ओतूरच्या कोंडाबाईनं परीक्षा पास केली.

असा किती वेळ गेला देव जाणे. भरतनं मान हलवली, जणू म्हणाला, हे असं जमायचं नाही. आणि सरळ आत शिरला. माजघरातून पेटी उचलली, खांद्यावर घेतली, आणि फाटकातून बाहेर पडून स्टँडच्या रस्त्याला लागला. आम्ही बघतच राहिलो. रत्ना जागची हलली नाही. डोळ्यांत पाणी, पण हलली नाही. अट म्हणजे अट, पोरगी माझीच आहे.

चौकाच्या वळणावर तो थांबला. पेटीसकट पूर्ण वळला, आणि असा खणखणीत आवाज काढला की पिंपळावरचे पक्षी उडाले.

"रत्ने, चल की! न्यायला आलोय!"

कुशाबाई, मग माझी लेक धावली. हाताला पीठ, पायांत काही नाही. पोरं दप्तरं घेऊन तिच्या मागं, आणि मी तिच्या चपला हातात घेऊन पोरांच्या मागं. भावकी टाळ्या वाजवतेय. धर्माजी भिंतीपलीकडून ओरडतोय, "झालं का? मला दिसंना!" जावयानं माझी डाळही खाल्ली नाही. एवढा मान मला धोंड्यातही मिळाला नव्हता.

गाडी गेल्यावर घरी आले. माजघरात पाहिलं तर रत्नाची पेटी जागेवर. तुमच्या लेकानं माझी पेटी नेली. दोन्ही पेट्या एकाच दुकानातल्या, त्याचा दोष नाही, आमच्यापैकी एकानंही पाहिलं नाही. कुलूप उघडू नका.

कोंडाबाई


पेठ
९ ऑगस्ट १९९९

कोंडाबाई,

कुलूप उघडलं. रत्नाला बदलायला लुगडं नको का? तुमचा हिरवा शालू तिला दिला, तो नेसून ती गोठा झाडती. पेटीत तळाला साखरेच्या गोळ्यांचा डबा मिळाला. डॉक्टरनं तुमाला साखर बंद केलीय म्हणून गावभर सांगता, आन् पेटीला कुलूप! पोरांनी गोळ्या संपवल्या. बाकीच्या पेटीला आता तुमीच मूळ म्हणून या, चार माणसांत बोला, मग देते. माझी अट.

घर पुन्हा घरासारखं झालंय, म्हणजे मला घडीचा निवांतपणा न्हाई. रत्नानं डॉक्टरीणबाईंचं सगळं ध्यानात घेतलंय. ओट्यावर पाटी टांगली, त्यावर सकाळी एकच काम लिहिती. ते झालं की पुसती, दुसरं लिहिती. जेवताना रेडिओ बंद. भरत बोलायला लागला की पोरं हातातला घास तसाच धरून थांबत्यात. त्यापायी भाकरी गार व्हती, पण त्याचं वाक्य पुरं व्हतं. आदेशला बैल म्हणला तर आदेश हंबरतो. मग सगळे हसत्यात, भरत बी. भांडी आपटली एकदा, न्हाई असं न्हाई. रत्नानं उचलून ठेवली आन् त्याला बटाट्याच्या सऱ्या मोजायला धाडला. परत आला तवा राग कशाचा ते त्यालाच ठाऊक नव्हतं. ह्या दुखण्याचा एवढा तरी फायदा.

माळ काढायचं महाराजांना इचारलं. ते म्हणले, चुकून घातली तरी माळ ती माळच. भरत म्हणला, ऱ्हाऊ दे आई. आखाडात आळीत रस्सा शिजला तर त्यानं शेजारच्या भिंतीला नाक लावून भाकरी खाल्ली. महाराजांना मी इचारलेलं न्हाई, वास चालतो का न्हाई ते.

फुडं काय व्हईल ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक न्हाई, मला कुठनं असणार. पण त्या पयल्या दिसाचं सांगते. सगळी आली, पेटी उतरवली, भरत बैलांना पाणी पाजायला गेला. परत आला तर रत्ना चुलीपुढं. बघून दारातच थबकला. "रत्ने! कधी आलीस?" आन् तोंड असं फुललं जसं काही चंद्रच उगवला. ती म्हणली, "आत्ताच." चहा झाला, तो बांधावर गेला, आला. "अगं रत्ने! कधी आलीस?" तेच तोंड, तसाच आनंद. ती परत म्हणली, "आत्ताच आले." दिवा लावायच्या टायमाला पुन्यांदा. मी चिडून बोलणार व्हते, अरे, किती वेळा इचारशील. पण रत्नानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप बसले. ओतूरला पास झालेली तुमी एकटीच न्हाई.

लोकांच्या बायका माहेराहून एकदाच येत्यात, कोंडाबाई. नवरा मान वर करत न्हाई, म्हणतो, जेवायला वाढ. आमच्या घरी तुमची लेक एका दिसात तीनदा आली, आन् तिन्ही येळेला दिवाळी झाली.

कुशाबाई